सिमोन सिन्योरे: पन्नाशीत म्हातारी दिसायला लागली म्हणून करिअर संपलं होतं का?

हळदगंध (सांगली)

'ले दियाबोलिक' नावाचा १९५५ चा फ्रेंच सिनेमा बघितला आणि त्यातली एक बाई डोक्यातून जाईना म्हणून हा धागा काढलाय. गोष्ट थोडक्यात अशी की एक बोर्डिंगची शाळा, तिथला हेडमास्तर म्हणजे नंबरी माणूस, त्याची बायको हृदयविकारानं नाजूक झालेली, आणि त्याच शाळेतली दुसरी एक मास्तरीण जिच्याशी त्याचं लफडं, तर या दोघी मिळून त्याचा काटा काढायचं ठरवतात. पुढचं सांगत नाही. ती मास्तरीण म्हणजे सिमोन सिन्योरे. बारीक कापलेले केस, काळा गॉगल (तो स्टाइलसाठी नाही, त्यानं मारून डोळा काळानिळा केलाय म्हणून), आणि चाल अशी की वाटेत कोण आलं तर तोच बाजूला होईल. बाथटबमध्ये पाणी सोडलेलं असतं आणि वरचे भाडेकरू रेडिओ ऐकता ऐकता कुरकुरतात की एवढ्या रात्री कोण आंघोळ करतंय, तो सीन तर मी परत मागं घेऊन बघितला. खाली काय चाललंय आणि या बाईच्या चेहऱ्यावर काय, तर रोजचं पाणी भरायचं काम उरकावं तसा भाव.

मग नेटवर शोधलं तर तिचे नंतरचे फोटो बघून धक्काच बसला. पन्नाशीच्या फोटोत सत्तरीची दिसते. आमच्या ग्रुपवर टाकलं तर एकानं लगेच लिहिलं की दारू-सिगारेटनं वाट लागली, करिअर संपलं बिचारीचं. खरं आहे का हे?

विचारायचं अजून एक कारण आहे. मी हौशी नाटकात काम करते, चव्वेचाळीस वय आहे, आणि यंदा राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात मला विचारलं ते थेट नायकाच्या आजीसाठी. नायक माझ्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान!! सांगलीत नाटकवाल्यांना तोटा नाही, नाट्यपंढरी म्हणतात आपल्या गावाला, पण चाळिशी ओलांडलेल्या बाईला द्यायला कुणाकडं काही नसतं. तर तिचं काय झालं ते सांगा आणि तिचे पुढचे कुठले सिनेमे बघू तेही सांगा.

पोवईनाका (सातारा)

ताई, तुमच्या ग्रुपवरच्या माणसाला आधी एक तारीख पाठवा. ४ एप्रिल १९६०. त्या दिवशी सिन्योरेला बेस्ट अॅक्ट्रेसचं ऑस्कर मिळालं, 'रूम अॅट द टॉप'साठी, आणि समोर कोण होतं तर डोरिस डे, ऑड्री हेपबर्न, कॅथरीन हेपबर्न आणि एलिझाबेथ टेलर. बाई तेव्हा एकोणचाळिशीची. सिनेमा हॉलिवूडचा नाही तर ब्रिटिश, यॉर्कशायरच्या गिरणीगावातला, आणि रोल कुणाचा तर नवऱ्याला कंटाळलेल्या, वयानं थोराड प्रेयसीचा. मूळ कादंबरीत ती बाई इंग्रज आहे, सिनेमावाल्यांनी तिला फ्रेंच करून टाकलं. त्याच रोलवर फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलचं बक्षीस आणि ब्रिटिश अॅकॅडमीचं बक्षीससुद्धा घेतलं. म्हणजे जिथं इतर नट्यांना निरोपाचा नारळ देतात तिथं हिचं कुठं खऱ्या अर्थानं सुरू झालं.

आता जरा मागून सांगतो कारण हिच्या बाबतीत मागचं कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. जन्म २५ मार्च १९२१ चा, जर्मनीत विसबाडेनला, कारण वडील फ्रेंच सैन्याबरोबर तिकडं होते. आडनाव कामिंकर, वडील ज्यू. वाढली पॅरिसशेजारी नयी गावात. १९४० ला जर्मनांनी फ्रान्स घेतला, वडील निघून गेले लंडनला द गॉलकडं (तिथून जर्मनांशी लढा चालवणारा फ्रेंच सेनानी), आणि घरात आई, दोन धाकटे भाऊ आणि ही. पोट भरायला टायपिस्टची नोकरी धरली ती नेमकी जर्मनांची री ओढणाऱ्या पेपरात! नंतर ती सोडली आणि पॅरिसच्या काफे द फ्लोरमध्ये बसणाऱ्या लेखक-नटमंडळीत मिसळली. सिनेमात काम करायला तेव्हा परवाना लागायचा आणि अर्धी ज्यू असल्यानं तो मिळणं शक्य नव्हतं, म्हणून गर्दीतल्या बायका, एखादं वाक्य, असली कामं करत राहिली. 'ले व्हिजितर द्यु स्वार' या १९४२ च्या सिनेमात ती निव्वळ एक्स्ट्रा आहे. सिन्योरे हे आईचं माहेरचं आडनाव, कामिंकर हे नाव त्या दिवसांत लावून फिरणं म्हणजे जिवाशी खेळ होता.

मग इव्ह आलेग्रे या दिग्दर्शकाशी लग्न, १९४६ ला मुलगी, आणि त्याच्याच 'देदे द'आन्व्हेर'मध्ये १९४८ ला बंदरावरच्या वेश्येचा रोल, तिथून नाव झालं. १९५० ला मॅक्स ओफ्युल्सच्या 'ला राँद'मध्ये परत वेश्या. १९५२ ला 'कास्क द'ऑर', तिचा सगळ्यात देखणा सिनेमा, तिथंसुद्धा तसलीच बाई. लक्षात घ्या, तिला सोज्वळ नायिका कधी दिलीच नाही कुणी, आणि माझ्या मते तेच तिच्या पथ्यावर पडलं. जिचं सगळं भांडवल गालावरच्या खळीत असतं तिला खळी गेली की घरी बसावं लागतं. हिचं भांडवल नजरेत होतं आणि नजर म्हातारी होत नाही.

कोयनाकाठ (कराड)

हळदगंध ताई, शेवट सांगितला नाहीत त्याबद्दल आभार. त्या सिनेमाच्या शेवटी पाटीच येते की बघितलंय ते मित्रांना सांगून त्यांचा विरस करू नका. आमच्यात एकानं इंटरव्हललाच सांगून टाकलं होतं, त्याला आजतागायत कुणी सिनेमाला बोलवत नाही 😀

मिरज जंक्शन

पोवईनाका भाऊ, लय भारी लिवलंय, पण थोडं ताणालायसा असं वाटतंय मला. करिअर संपलं न्हाई हे कबूल. पण 'पथ्यावर पडलं' वगैरे म्हंटलं की त्या बाईनं काय सोसलं ते झाकलं जातंय.

एक तर ऑस्कर घेतल्यावर तिला फ्रान्समदी किती चांगली कामं मिळाली ते बघा. १९५९-६० म्हंजे तिकडं न्यू वेव्हची, म्हंजे नव्या धाटणीचे सिनेमे काढणारी, पोरं आलेली, गोदार, त्रुफो असले दिग्दर्शक, आणि त्यातल्या कुणीबी हिला घेतली न्हाई. त्यांच्याकडं जान मोरो होती, जी हिच्याहून सातच वर्षांनी लहान. सिन्योरे त्यांच्या लेखी जुन्या जमान्यातली झाली, चाळिशीतच! मग ही इंग्रजी सिनेमे करत बसली, 'शिप ऑफ फूल्स' (१९६५) साठी परत ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं हे खरं, पण बाकीचे बरेचसे आज कोण बघतंय? १९६६ ला लंडनला रॉयल कोर्ट थेटरात अॅलेक गिनेसबरोबर शेक्सपियरचं मॅकबेथ केलं, लेडी मॅकबेथ, तर तिच्या इंग्रजी उच्चारांवरनं समीक्षकांनी सालटी काढली.

दुसरं राजकारण. तिनं आणि तिच्या दुसऱ्या नवऱ्यानं, इव्ह मोंताँनं, अणुबॉम्बच्या विरोधातल्या स्टॉकहोमच्या पत्रकावर सह्या केल्या १९५० ला, डावीकडचे म्हणून शिक्का बसला, आणि अमेरिकेचा व्हिसा कितीतरी वर्षं मिळाला न्हाई. हॉलिवूडला जायचं वय होतं तवाच दार बंद. बरं दुसऱ्या बाजूचे तरी खूश? हंगेरीत रशियाचे रणगाडे घुसले १९५६ ला आणि त्याच हिवाळ्यात मोंताँ रशियात गायला गेला, ही बरोबर, तर फ्रान्समदी शिव्या पडल्या. आणि तिकडं जेवणाच्या टेबलावर दोघांनी रशियाचा नेता ख्रुश्चेव्हलाच हंगेरीचं तोंडावर विचारलं. म्हंजे दोन्हीकडनं मार.

आणि तिसरं सगळ्यांना म्हायती हाय, १९६० ला मोंताँ आणि मेरिलीन मन्रो. जगभरच्या पेपरात नवऱ्याचं लफडं छापून येतंय आणि त्याच साली हिच्या हातात ऑस्कर. दारू-सिगारेट होती, भरपूर होती, ते बी झाकायचं कारण न्हाई. पन्नाशीत सत्तरीची दिसली ती काय ठरवून न्हाई दिसली भावा.

पोवईनाका (सातारा)

मिरजकर, न्यू वेव्हचा मुद्दा एकदम बरोबर, तो मी लिहायला हवा होता म्हणा. दारूचंही मान्य. पण मला सांगा, तसं दिसायला लागल्यावर बाकीच्यांनी काय केलं असतं? कॅमेऱ्यापुढं पातळ फडकं धरून क्लोजअप, नाहीतर आजारपणाची बातमी देऊन घरात दडी. हिनं तोच चेहरा कॅमेऱ्यासमोर नेऊन ठेवला. ठरवून दिसली नाही हे खरं, पण तो चेहरा दाखवला मात्र ठरवून.

जुनी रीळ (सातारा)

वादात पडत नाही, पण 'कास्क द'ऑर'चं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या तरुणपणी फिल्म सोसायट्या जोरात होत्या, पुण्याच्या अर्काइव्हमधून सोळा एमएमच्या रिळा यायच्या, एका शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना चादरी लावून दाखवायचे. रीळ बदलताना लाइट लागायचे आणि तेवढ्यात लोक चहाला पळायचे. तिथं हा सिनेमा पाहिला मी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं पॅरिस, गुंडांच्या टोळ्या, त्यात ही मारी, सोनेरी केसांचा डोक्यावर शिरस्त्राणासारखा बांधलेला अंबाडा. नदीकाठच्या एका बागेतल्या नाचाच्या ठिकाणी टोळीचं टोळकं आलंय. तिथं एक सुतार बसलाय, मांदा नावाचा, सर्ज रेज्यानी. मारी आपल्या माणसाबरोबर वॉल्ट्झ करतेय आणि गिरकीबरोबर तिचं तोंड फिरलं की दर वेळी नजर त्या सुतारावर. पुन्हा गिरकी, पुन्हा नजर. एक शब्द नाही. तो बिचारा तिथंच खिळलेला. ज्याच्या हातात हात आहे त्याला कळतंय, कळूनही काही करता येत नाही. दोन मिनिटांत सगळी कथा ठरून जाते आणि पुढं जे काही रक्त सांडतं ते या गिरकीपायीच.

गंमत अशी की झाक बेकरचा हा सिनेमा फ्रान्समध्ये तेव्हा पडला. लोकांना आवडला नाही. ब्रिटिशांनी मात्र डोक्यावर घेतला आणि सिन्योरेला तिकडच्या अॅकॅडमीचं परदेशी अभिनेत्रीचं बक्षीस दिलं. पुढं १९५७ च्या 'ले सोर्सिएर द सालेम'लाही दिलं, त्यात मोंताँ तिच्याबरोबर आहे, आर्थर मिलरच्या नाटकावरचा. 'रूम अॅट द टॉप' धरून तीन झाली. घरच्यांनी ओळखायच्या आधी शेजाऱ्यांनी ओळखलं, दुसरं काय.

मुली, आजीच्या कामाबद्दल एवढंच सांगेन. आजी चांगली लिहिलेली असेल तर घे, वय बघू नकोस. नुसती खोकणारी आजी असेल तर नको.

हळदगंध (सांगली)

काका, नुसती खोकणारीच आहे. पहिल्या अंकात खोकते आणि दुसऱ्या अंकात फोटोत जाते.

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. पण मला अजून कळलं नाही की साठच्या दशकानंतर काय? मिरजकर दादा म्हणतात तसं ती मागं पडली, मग ते म्हातारपणीचे फोटो कुठल्या सिनेमातले?

पोवईनाका (सातारा)

तेच तर सांगायचं राहिलं. १९६९ पासून पुढची आठ-नऊ वर्षं म्हणजे माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा काळ, आणि या काळात तिनं एकदाही तरुण दिसायचा प्रयत्न केला नाही.

'आर्मी ऑफ शॅडोज', १९६९, दिग्दर्शक मेलव्हिलचा. जर्मनांच्या विरोधात भूमिगत काम करणाऱ्यांची गोष्ट, मेलव्हिल स्वतः त्या लढ्यात होता. सिन्योरे म्हणजे मातिल्द, दिसायला अगदी बाजारात पिशवी घेऊन निघालेली मध्यमवयीन बाई, आणि डोकं सगळ्या पुरुषांपेक्षा तेज. कैदेतल्या साथीदाराला सोडवायला जर्मन नर्सचा वेष करून अॅम्ब्युलन्स घेऊन थेट गेस्टापोच्या, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांच्या, आवारात शिरते. एवढ्या सावध बाईची चूक एकच, पर्समध्ये मुलीचा फोटो ठेवते. म्होरक्या सांगतो फाडून टाक, ती ठेवते. पुढं काय ते लिहीत नाही, पण शेवटी रस्त्यावर चालताना ती समोरच्या गाडीतल्या आपल्याच माणसांकडं बघते ना, तो एक शॉट बघा. तिला कळलंय, पण भीती म्हणावी तर ती नाही, माफ केलं म्हणावं तर तेही नाही. मी कितीतरी वेळा पाहिलाय आणि अजून ठरवता येत नाही. सिनेमा आला तेव्हा नुकतंच ६८ चं, द गॉलच्या सरकारविरुद्धचं, विद्यार्थी-कामगारांचं आंदोलन झालेलं, द गॉलची तारीफ करतोय म्हणून फ्रान्सच्या समीक्षकांनी झोडपला, आणि अमेरिकेत तर रिलीज व्हायला २००६ उजाडलं.

मग १९७० ला कोस्टा-गाव्ह्रासचा 'लाव्हू', चेकोस्लोव्हाकियातल्या कम्युनिस्ट सरकारनं चालवलेल्या खोट्या खटल्यावरचा. मोंताँ आरोपी आणि ही त्याची बायको. मिरजकर, दोन्हीकडनं मार बसलेल्या जोडप्यानं तो सिनेमा करणं हे तुमच्या मुद्द्याचं उत्तर आहे असं मला वाटतं. ज्यांच्यासाठी शिव्या खाल्ल्या त्यांचंच पाप पडद्यावर दाखवलं.

आणि १९७१ ला 'ल शा', म्हणजे मांजर. ताई, हा पहिला बघा.

मिरज जंक्शन

'ल शा'ला माझी बी सही. म्हातारा-म्हातारी, झाँ गाबँ आणि ही, एका पडक्या घरात राहतात, आजूबाजूची सगळी घरं पाडालेत, मशिनी घरघरतात, आणि मागं टॉवर उभे राहालेत. दोघं एकमेकांशी बोलतच न्हाईत. त्याचा सगळा जीव मांजरावर आणि हिचा जळफळाट. पुढं पुढं तर चिठ्ठ्या लिहून एकमेकांकडं टाकतात. आमच्या गल्लीत वाडा पाडून अपार्टमेंट झाली तवा दोन भावांचं असंच चाललेलं, त्यामुळं मला तो सिनेमा बघवंना.

ही त्यात पूर्वीची सर्कशीतली झुल्यावरची बाई दाखवलीय, पडून पाय लंगडा झालेला. खरं वय पन्नास, आणि दिसते त्या सदुसष्टच्या गाबँच्या जोडीला शोभंल अशी. बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलला दोघांनाबी अभिनयाचं बक्षीस मिळालं.

आता माझा मुद्दा परत सांगतो. त्या गाबँनं तिशीत पण हिरो केला, पन्नाशीत पण हिरो केला, आणि साठीनंतर पण सिनेमा त्याच्याच नावावर विकला जायचा, त्याला कुणी विचारलं न्हाई की बाबा म्हातारा का दिसतोस. हिलाच का 'धाडस' म्हणायचं? धाडस ह्यात लोकांच्या बघण्याचं आहे, तिचं काम तर निव्वळ चांगलं काम होतं.

अनामिक वाचक (वाई)

मिरजकर 👏 हे कुणीतरी बोलायलाच पाहिजे होतं.

'मादाम रोझा' कुणीच कसा सांगितला नाही? १९७७. आउश्वित्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेली, आता थकलेली जुनी वेश्या, पॅरिसच्या बेलव्हिल भागात कितीतरी जिने चढून जायच्या खोलीत दुसऱ्या वेश्यांची पोरं सांभाळते आणि तिचा सगळ्यात लाडका पोरगा अरब मुसलमान. पहिल्याच सीनमध्ये जिना चढताना तिची जी धाप लागते ती ऐकून माझ्या आईनं सिनेमा थांबवायला लावला, म्हणाली तिला आधी बसू दे. फ्रान्सचं सेझार बक्षीस तिला याच रोलवर मिळालं आणि सिनेमाला परदेशी भाषेचं ऑस्कर. वेश्येच्या रोलनं नाव झालं होतं आणि तीस वर्षांनी परत तसल्याच बाईच्या रोलवर तिच्या देशानं सगळ्यात मोठं बक्षीस दिलं, फक्त मधे सगळं आयुष्य येऊन गेलेलं.

शिवाय १९७६ ला आत्मचरित्र लिहिलं ते गाजलं, आणि १९८५ ला जाड कादंबरी लिहिली, पॅरिसमधल्या ज्यू स्थलांतरित कुटुंबांची. तोपर्यंत डोळे जवळजवळ गेले होते. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला गेली, नॉर्मंडीतल्या घरी, चौसष्टाव्या वर्षी. संपलेलं करिअर असं असतं का?

जुनी रीळ (सातारा)

अजून एक वेगळीच माहिती. अमेरिकन गायिका नीना सिमोन हिनं 'सिमोन' हे नाव घेतलं ते या बाईवरून. तिला 'कास्क द'ऑर'मध्ये पाहून.

कोयनाकाठ (कराड)

काका, हे माहीतच नव्हतं! नाद खुळा.

हळदगंध (सांगली)

'ल शा' बघितला काल. आईला बरोबर घेऊन बसले होते, तिला वाटलं मांजराचा सिनेमा आहे म्हणजे काहीतरी गोड असणार. अर्ध्यात म्हणाली हे तुझ्या आत्याचं घर आहे. पुढं ते मांजराचं जे होतं ते बघून मात्र उठून गेली आणि मला म्हणाली असले सिनेमे मला लावू नकोस, आणि दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून विचारतेय, मग बोलली का ती दोघं?

पोवईनाका दादा आणि मिरजकर दादा, तुमच्या दोघांच्या वादात मी मिरजकरांच्या बाजूला जास्त आहे, पण ती नजर म्हातारी होत नाही हेही मला पटलंय. नवऱ्याची चिठ्ठी वाचताना ती जी मान खाली घालून बसते, आणि काही न बोलता तो कागद सांभाळून ठेवते, ते मी आरशासमोर करून बघितलं, जमलं नाही. चेहरा काहीतरी करायला लागतो. तिचा करत नाही.

नाटकाचं म्हणाल तर आजी नाकारली. दिग्दर्शक रागावलाय, म्हणतो दुसऱ्या ताई तयार आहेत. असू देत. मी आणि एक मैत्रीण मिळून दोन बायकांची एकांकिका शोधतोय, दोघी चाळिशीच्या पुढच्या, कुणाची आई-सासू-आजी नसलेल्या. खून असला तरी चालेल. कुणाला माहीत असेल तर इथंच नाव टाका, आणि तिच्या आत्मचरित्राचं इंग्रजी भाषांतर कुणाकडं असेल तर वाचायला पाहिजे, आमच्या वाचनालयात विचारलं तर नाही म्हणाले.

मिरज जंक्शन

ताई, मिरजेतल्या एका रद्दीवाल्याकडं इंग्रजी पुस्तकांचा ढीग आलाय, रविवारी जाऊन बघतो. खुनाच्या एकांकिकेचं तुमचं तुम्ही बघा.